ओढ्यावरच्या पुलाला पाणीपातळीचा सेन्सर: पहिल्यांदाच बसवणाऱ्यांसाठी

कोल्हापूरकडे जुलै-ऑगस्टमध्ये सकाळी पहिला प्रश्न असतो, "राजाराम बंधाऱ्याला किती फूट?" पंचगंगा तिथे ३९ फुटांवर गेली की इशारा पातळी, ४३ वर धोका पातळी. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेसाठी हेच आकडे ४० आणि ४५ आहेत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या पुढे गेलं आणि आयर्विन पुलाजवळ ५७ फूट ओलांडले. हे आकडे मोजायला सरकारी यंत्रणा आहे. जलसंपदा विभागाने कृष्णा आणि भीमा खोऱ्यात पाऊस आणि नदीपातळी आपोआप नोंदवणारी केंद्रं बसवली आहेत. केंद्रीय जल आयोगाचं 'फ्लडवॉच इंडिया' हे ॲपही मोबाइलवर मिळतं.

पण राजाराम बंधाऱ्याचा आकडा कळला म्हणून तुमच्या मळ्याचा रस्ता कधी बंद होणार हे कळत नाही. गावाचा संपर्क बहुतेक वेळा नदी तोडत नाही, नदीला मिळणारा ओढा तोडतो. आणि त्या ओढ्यावर मोजणारं काहीच नसतं. म्हणून या लेखात मुख्य नदीचा विषय नाही. आपल्या ओढ्यावर, साध्या भागांतून, पाणी चढतंय हे वेळेत सांगणारी यंत्रणा कशी उभी करायची एवढंच सांगतो. सोल्डरिंग जमत असेल किंवा शिकायची तयारी असेल, आणि गावातली दोन-चार माणसं सोबत असतील, तर हे काम होण्यासारखं आहे.

पायरी १: काही विकत घेण्याआधी वेळेचा हिशोब

नवीन माणूस आधी सेन्सर मागवतो आणि मग तो कुठे लावायचा याचा विचार करतो. तसं करू नका. आधी वहीत एक प्रश्न लिहा: आपल्या वस्तीला बाहेर पडायला किती वेळ लागतो?

हा वेळ माणसांवर ठरत नाही, जनावरांवर ठरतो. माणसं अर्ध्या तासात निघतील. पण गोठ्यात म्हैस बांधलेली असताना शेतकरी निघत नाही, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. ती म्हैस म्हणजे घरचं वर्षाचं उत्पन्न आहे. म्हणून जनावरं आधी हलतील एवढा वेळ हातात हवा. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढताना बोट उलटली आणि माणसं गेली. बोट लागते ती रस्ता पाण्याखाली गेल्यावर. रस्ता उघडा असताना ट्रॅक्टर-ट्रॉली पुरते. आपली सगळी धडपड बोटीची वेळ येऊ नये यासाठी आहे.

एक उदाहरण मांडून बघू. समजा ओढ्याच्या तळापासून मोजलं तर रस्ता ११ फुटांवर पाण्याखाली जातो. जुनी माणसं सांगतात की पाणी जोरात असलं तर तासाला ८ इंचांनी चढतं. गाड्या बोलावून जनावरं हलवायला तीन तास, म्हाताऱ्या आणि आजारी माणसांना तास, आणि हे रात्री घडलं तर सगळ्यांना उठवून हलवायला आणखी एक तास. एकूण पाच तास. पाच तासांत ८ इंचांनी ४० इंच, म्हणजे ३ फूट ४ इंच. ११ मधून तेवढे वजा केले की ७ फूट ८ इंच उरतात. थोडा हात राखून साडेसात फूट धरा. साडेसात फुटांना गाव हललं पाहिजे. ही झाली तुमची हालचालीची पातळी. त्याच्या दीड-दोन फूट खाली तयारीची पातळी ठेवा: ट्रॅक्टरमध्ये डिझेल आहे का, शाळेची किल्ली कुणाकडे आहे, हे बघण्यासाठी.

हे आकडे ठरवताना गावातल्या जुन्या माणसांबरोबर एक संध्याकाळ बसा. २०१९ आणि २०२१ चं पाणी कुठल्या भिंतीपर्यंत आलं होतं, कुठला रस्ता आधी गेला, कुठून पाणी मागून शिरलं, हे त्यांना पायरीनिशी आठवतं. फुगवट्याबद्दल मुद्दाम विचारा. कोल्हापूर-शिरोळ पट्ट्यात कितीतरी ओढे स्वतःच्या पावसाने भरत नाहीत. नदी तुंबते आणि पाणी ओढ्यातून उलटं वर सरकतं. गावात ऊन पडलेलं असतं आणि ओढा चढत असतो. तुमच्या ओढ्याचं असं असेल तर गावातला पर्जन्यमापक तुम्हाला काहीच सांगणार नाही. पातळी मोजणं हाच एक मार्ग.

पायरी २: जागा आणि परवानगी

पूल कुणाचा आहे ते ग्रामपंचायतीत विचारा. सार्वजनिक बांधकाम विभागाचा, जिल्हा परिषदेचा किंवा पंचायतीचा असेल. केटी (कोल्हापूर पद्धतीचा) बंधारा असेल तर पाटबंधारे खात्याकडे जावं लागेल. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. पुलाला भोक पाडणार नाही, क्लॅम्पने बसवणार, असं अर्जात लिहिलं तर काम सोपं होतं. रेल्वे पुलाच्या वाटेला जाऊ नका.

सेन्सर खाली तोंड करून पाण्याच्या बरोबर वर लटकला पाहिजे. खांबापासून आणि कठड्याच्या भिंतीपासून निदान दोन-तीन फूट बाहेर, कारण त्याचा ध्वनी शंकूसारखा पसरत जातो आणि भिंतीवरून परतलेला आवाज तो पाणी समजतो. उंचीचा नियम असा: आजवरच्या सर्वांत मोठ्या पुराच्या खुणेच्या वर निदान तीन फूट. वरच्या उदाहरणात जुनी खूण १३ फुटांवर असेल तर सेन्सर १६ फुटांवर. पूल स्वतःच पाण्याखाली जाणारा असेल तर काठावर जाड लोखंडी खांब रोवून त्याला आडवा हात काढा. पाया काँक्रीटचा हवा. पुरात वाहून येणारी झाडं हलका खांब काडीसारखी मोडतात.

त्याच जागी पुलाच्या खांबावर फूट-इंचांची मोजपट्टी ऑइल पेंटने रंगवून घ्या. हे काम सर्वांत स्वस्त आहे आणि सर्वांत उपयोगाचं. सेन्सर बंद पडला तरी बॅटरीच्या उजेडात पट्टी वाचता येते, आणि सेन्सर खरं बोलतोय का हे तपासायला दुसरं साधन नाही.

पायरी ३: सामान

मेंदू म्हणून ईएसपी३२ बोर्ड. अंतर मोजायला जलरोधक अल्ट्रासॉनिक सेन्सर. नवशिक्यांसाठी जेएसएन-एसआर०४टी बरा. त्याचं डोकं गाडीच्या रिव्हर्स सेन्सरचं असतं तसं बंदिस्त असतं आणि वायर लांब असते. उघड्या जाळीचा एचसी-एसआर०४ टेबलावर शिकायला ठीक, पुलावर एक पावसाळा टिकत नाही. संदेश पाठवायला लोरा मॉड्यूल (कमी विजेत लांबवर संदेश नेणारा रेडिओ), मग छोटं सोलर पॅनेल, दोन लिथियम सेल, चार्जिंग सर्किट, आयपी६५ दर्जाचा (धूळ-पाणी आत न घेणारा) डबा आणि तापमानाचा डीएस१८बी२० सेन्सर. क्लॅम्प आणि आडवा हात गावच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून. पुलाकडचा हा संच साधारण पाच ते आठ हजार रुपयांत उभा राहतो. पंचायतीकडचा संच वेगळा; त्याचा खर्च भोंगा आणि बॅटरी कोणती घेता यावर अवलंबून.

कागदावर या सेन्सरचा पल्ला साडेचार मीटर असतो. हलत्या पाण्यावर तीन-साडेतीन मीटरच्या पुढे भरवसा ठेवू नका. मग १६ फुटांवरून तळ दिसणार कसा? दिसायची गरज नाही. साडेतीन मीटर म्हणजे साडेअकरा फूट. पाणी ५ फुटांच्या वर आलं की सेन्सरला दिसायला लागतं आणि आपल्याला तिथूनच पुढे हवं आहे. त्याच्या खाली असताना संदेशात 'आवाक्याबाहेर' एवढं आलं तरी पुरे. पूल याहून बराच उंच असेल तर रडार सेन्सर घ्यावा लागतो. तो महाग पडतो, पण वाऱ्याने आणि तापमानाने फसत नाही.

जोडणी करताना एक गोष्ट नक्की बघा. सेन्सरला ५ व्होल्ट दिले तर त्याचा परतीचा संकेतही ५ व्होल्टचा येतो आणि ईएसपी३२ ला ३.३ व्होल्टच चालतात. मध्ये १ किलोओम आणि २ किलोओमचे दोन रेझिस्टर लावून व्होल्टेज खाली आणा. हे न केल्यास बोर्ड लगेच जळत नाही. काही आठवडे चालतो आणि ऐन पावसात दगा देतो.

पायरी ४: आकडा खरा करणं

सेन्सर पातळी मोजत नाही, अंतर मोजतो. पातळी म्हणजे सेन्सरची तळापासूनची उंची वजा मोजलेलं अंतर. ही उंची टेपने दोनदा मोजा, दोन वेगळ्या माणसांनी.

ध्वनीचा वेग तापमानाबरोबर बदलतो. १० अंशांच्या फरकाने वेगात सुमारे पावणेदोन टक्क्यांचा फरक पडतो, म्हणजे ३ मीटर अंतरावर जवळपास ५ सेंटिमीटर, दोन इंच. दोन इंचांनी गाव बुडत नाही हे खरं. पण दुपारी उन्हात आणि रात्री पावसात वेगवेगळे आकडे दिसले की लोकांचा विश्वास उडतो. म्हणून तापमानाचा सेन्सर घेतला आहे. तो सावलीत, डब्याच्या बाहेर लावा.

एका वेळी एकच रीडिंग कधीही घेऊ नका. अकरा घ्या, चढत्या क्रमाने लावा आणि मधलं उचला. सरासरी नको, लाटेवरून किंवा उडत्या पाखरावरून आलेलं एकच चुकीचं रीडिंग सरासरी बिघडवतं, मधल्या आकड्याला त्याचा फरक पडत नाही. आणि पातळी ओलांडली असं दोन लागोपाठच्या फेऱ्यांत दिसलं तरच इशारा द्या.

तरीही फसवणारी दोन कारणं उरतात. एक, जलपर्णी. पंचगंगेकाठी ती ओढ्यात शिरते, पुलाखाली गाठोडं होऊन अडकते आणि सेन्सर तिच्या पानांना पाणी समजतो. दुसरं कारण एका पुलावर जवळून पाहिलं. रोज पहाटे पाणी दीड-दोन फूट चढल्याचं दिसायचं आणि ऊन आलं की उतरायचं. वर चढून पाहिलं तर सेन्सरच्या तोंडासमोर कोळ्याने जाळं विणलेलं, त्यावर दवाचे थेंब ओळीने लागलेले. उन्हाने थेंब वाळले की सेन्सरला पुन्हा खालचं पाणी दिसायचं. फडक्याने पुसल्यावर आकडा पट्टीशी जुळला. आठवड्यातून एकदा लांब काठीला बांधलेल्या फडक्याने तोंड पुसणं हे कुणाचं तरी नावानिशी ठरलेलं काम असलं पाहिजे.

पायरी ५: वीज

पावसाळ्यात आठ-दहा दिवस ऊन पडणार नाही असं धरूनच चाला. बोर्ड दर पंधरा मिनिटांनी पाच सेकंद जागा होतो आणि बाकी वेळ गाढ झोपतो अशी रचना करा. जागेपणी १०० मिलीअँपिअर आणि झोपेत अर्धा मिलीअँपिअर धरला तर सरासरी सुमारे १ मिलीअँपिअर पडते, दिवसाला २५ मिलीअँपिअर-तास. ३००० मिलीअँपिअर-तासांचे दोन सेल समांतर जोडले तर पॅनेलशिवायही कागदावर कित्येक महिने निघतात. प्रत्यक्षात याच्या चौथाई धरा. बाजारातल्या कितीतरी बोर्डांवर लाल दिवा सतत जळतो आणि व्होल्टेज रेग्युलेटर झोपेतही वीज खातो. दिवा काढून टाका आणि झोपेतला प्रवाह मल्टिमीटरने स्वतः मोजा. सेन्सरची वीजही झोपेत तोडायची, मॉस्फेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) लावून.

पाणी तयारीच्या पातळीवर गेलं की पंधराऐवजी पाच मिनिटांनी मोजायला लावा. तेव्हाही दिवसाला पन्नास-पंचावन्न मिलीअँपिअर-तासांच्या वर खर्च जात नाही.

पायरी ६: संदेश गावापर्यंत

पूर वाढला की महावितरणला वीज बंद करावी लागते आणि मग मोबाइल टॉवरची बॅटरी काही तासांत बसते. नेमकं हवं असतं तेव्हाच नेटवर्क जातं. म्हणून पूल ते गाव हा टप्पा मोबाइलवर सोडू नका. लोरा रेडिओ तिथे कामाला येतो. भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात कमी शक्तीच्या उपकरणांना परवाना लागत नाही. ८६८ चं मॉड्यूल घ्या आणि प्रोग्राममध्ये या पट्ट्यात बसवा. ४३३ किंवा ९१५ चं स्वस्तात मिळालं तरी घेऊ नका. अँटेना न लावता मॉड्यूल चालू करू नका, ते जळतं.

पल्ल्याची चाचणी कधी घेता याला फार महत्त्व आहे. मार्चमध्ये ऊस तुटून गेलेला असतो, रान मोकळं असतं, दोन-तीन किलोमीटर सहज मिळतात. ऑगस्टमध्ये तोच ऊस डोक्याच्या वर गेलेला असतो, पानं पाण्याने निथळत असतात, आणि तोच संदेश अर्ध्यात विरतो. अँटेना उसाच्या उंचीच्या बरीच वर न्या, आणि गावाकडची अँटेना पंचायतीच्या किंवा पाण्याच्या टाकीच्या माथ्यावर. पहिल्या पावसाळ्यात चाचणी पुन्हा घ्या.

पंचायतीत दुसरा ईएसपी३२ ठेवा. त्याला ट्रॅक्टरची किंवा इन्व्हर्टरची १२ व्होल्टची बॅटरी जोडा आणि रिलेमधून भोंगा. इंटरनेट असो वा नसो, हालचालीची पातळी आली की भोंगा वाजला पाहिजे. त्याच्या जोडीला ४जी मॉड्यूलवरून दहा-पंधरा ठरलेल्या माणसांना एसएमएस आणि फोन: सरपंच, पोलीस पाटील, कोतवाल, तलाठी, दोन ट्रॅक्टरवाले, तरुण मंडळाची पोरं, आशाताई. जुनं टूजी मॉड्यूल स्वस्त पडतं, पण जिओचं टूजी नाहीच. ठोक एसएमएस सेवांना डीएलटी नोंदणी (ठोक संदेश पाठवणाऱ्यांची दूरसंचार कंपन्यांकडची नोंदणी) लागते. पहिल्या वर्षी त्या भानगडीत पडू नका, सिमवरून साधे एसएमएस पुरतात. सिमचं रिचार्ज ऑक्टोबरपर्यंतचं आहे ना, हे मेमध्येच बघून ठेवा.

संदेश असा लिहा की झोपेतून उठलेल्या माणसाला विचार करावा लागू नये:

"मळ्याचा ओढा ७ फूट ७ इंच. तासात ९ इंच चढला. ११ फुटांना रस्ता बंद. जनावरं आत्ता हलवा. ट्रॅक्टर शाळेजवळ."

सेंटिमीटर नकोत. आलेख नको. गाव फूट-इंचात बोलतं.

प्रोग्राममध्ये आणखी दोन नियम हवेत. इशारा साडेसात फुटांना सुरू झाला तर तो ७ फुटांच्या खाली गेल्यावरच थांबावा. नाहीतर लाटेबरोबर भोंगा सुरू-बंद होत राहील आणि तिसऱ्या रात्री कुणीतरी त्याची वायर ओढेल. आणि तासभर पुलाकडून काहीच आलं नाही तर 'सेन्सर गप्प आहे, पट्टी बघा' असा संदेश आपोआप जावा. गप्प बसलेला सेन्सर वाहून गेलेलाही असू शकतो.

पायरी ७: कायदा आणि प्रशासन

हा सेन्सर तुमच्या गावाच्या तयारीसाठी आहे. अधिकृत इशारा देण्याचा अधिकार प्रशासनाचा. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ च्या कलम ५४ नुसार आपत्तीचा खोटा इशारा पसरवून घबराट निर्माण केली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. म्हणून सेन्सरचे आकडे तालुकाभरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका, ठरलेल्या माणसांपुरते ठेवा. बसवण्याआधी तहसीलदारांना आणि जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षाला पत्राने कळवा, आणि हालचालीची पातळी आली की १०७७ वर फोन करून सांगा. जीव धोक्यात असेल तर ११२. त्यांच्याकडे धरणातल्या विसर्गाची माहिती असते, तुमच्याकडे ओढ्याची. दोन्ही एकत्र आली तर निर्णय लवकर होतो. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या दाबाने आपोआप उघडतात. ती बातमी आली की तुमची पाच मिनिटांची मोजणी लगेच चालू करा, पातळीची वाट पाहू नका.

फोनवर आपत्तीचे सरकारी इशारे देणारं 'सचेत' आणि हवामान खात्याचं 'मौसम' ही ॲप ठेवा. विजांसाठी पुण्याच्या आयआयटीएमने काढलेलं 'दामिनी' आहे. पुलावर दुरुस्तीला चढण्याआधी ते बघायची सवय लावून घ्या.

डोंगराकडच्या वाड्यांतून दरडीसाठी असाच सेन्सर करता येईल का, असं विचारलं जातं. माळीण, तळीये, इर्शाळवाडी यांच्यानंतर हा प्रश्न येणारच. नवशिक्याने त्यात पडू नये असं माझं स्पष्ट मत आहे. दरड मोजणं हे भूगर्भतज्ज्ञांचं काम आहे. वाडीत पर्जन्यमापक बसवा, भेगा आणि झऱ्यांचं गढूळ पाणी यांवर माणसांनी लक्ष ठेवा, आणि जोराचा पाऊस लागून राहिला तर घरं सोडा.

पायरी ८: मृग लागायच्या आत

सगळं मेअखेर बसलेलं असावं. मग एका रात्री, खरोखर रात्री, सराव घ्या. सेन्सरखाली प्लायवूडचा तुकडा धरा म्हणजे त्याला पाणी साडेसात फुटांवर दिसेल, आणि पुढे काय होतं ते घड्याळ लावून लिहा. भोंगा शेवटच्या घरापर्यंत ऐकू आला का? ट्रॅक्टरवाल्याने फोन उचलला का? पहिली म्हैस ट्रॉलीत किती वाजता चढली? पायरी १ मधले पाच तास इथे खोटे ठरू शकतात. सहा लागले तर हालचालीची पातळी तेवढ्या हिशोबाने खाली आणा. भोंगा देवळाच्या आणि मशिदीच्या कर्ण्यांना जोडता आला तर उत्तम, तोही याच रात्री तपासा.

पावसाळ्यात रोज एकदा कुणीतरी पट्टी वाचून वहीत लिहावी आणि बाजूला सेन्सरचा आकडा. दोन इंचांहून जास्त फरक लागोपाठ दोन दिवस दिसला की वर चढून बघायचं, पण पाणी उतरल्यावर आणि कमरेला दोर बांधून. पूर असताना सेन्सर वाचवायला पुलावर जाऊ नका.

पूर येऊन गेला तर पाणी ओसरताच भिंतीवर सर्वांत वरची ओल कुठे आहे ते तारखेसह रंगवून ठेवा, आणि पाणी तासाला किती इंचांनी चढलं ते नोंदीतून काढा. ८ इंच धरले होते आणि ११ निघाले तर पायरी १ चा हिशोब पुढच्या मेच्या आत बदला. नोव्हेंबरमध्ये डबा उघडा, गंज आणि मुंग्या साफ करा, सेल काढून कोरड्या जागी ठेवा, आणि वहीची एक प्रत पंचायतीत व एक तहसील कार्यालयात द्या.